पिशवी ते पोलके : शिवणवर्गातला शिकण्याचा क्रम

शिवणवर्गात येणारी नवी विद्यार्थिनी बहुतेक वेळा ब्लाउज शिवण्याची इच्छा मनात धरून येते. तिच्या हाती मात्र प्रथम येतो तो रेघा आखलेला कागद. महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत, वाड्याच्या माडीवर, समाजमंदिरात किंवा शिकवणाऱ्या बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत भरणाऱ्या या वर्गांपैकी अनेकांचा अभ्यासक्रम कोठे छापलेला नसतो, तरीही कागद, रुमाल, पिशवी, अभ्रा, परकर, झबले आणि अखेर ब्लाउज हा क्रम थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आढळतो. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वाट, एवढेच या क्रमाचे वर्णन केले तर ते अपुरे ठरेल. त्यातील प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूत नसलेली एखादीच नवी अडचण पुढे आणते, त्या अडचणीबरोबर तिची संज्ञा शिकणाऱ्याच्या तोंडी बसते, आणि हात सरावल्यावरच पुढच्या वस्तूच्या कापडाला कात्री लागते. शिंपीकाम करणाऱ्यांनी आणि घरोघरी शिकवणाऱ्या बायकांनी घडवलेली ही एक पूर्ण अध्यापनपद्धती आहे, आणि तिच्याकडे त्याच आदराने पाहायला हवे.

कापडाला दिशा असते

कात्री लावण्यापूर्वी कापड भिजवून वाळवणे ही पहिली शिस्त मानली जाते. मागावर धागे ताणून विणलेले असतात आणि कोऱ्या कापडाला खळही असते. पाणी लागताच खळ निघते, धागे आपला ताण सोडतात आणि कापड आटते. हे आटणे शिवल्यानंतर झाले, तर कपडा तोकडा होतो आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना कापड गोळा होऊन बारीक सुरकुत्या उमटतात. सरावासाठी बहुधा मांजरपाट, म्हणजे रंग न दिलेले आणि शुभ्र न केलेले सुती कापड घेतात, कारण ते स्वस्त असते, हाताखालून घसरत नाही आणि त्याचे धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

ते धागे दिसणे फार महत्त्वाचे आहे. मागावर लांबीच्या दिशेने ताणलेला तो उभा धागा, आणि धोट्याबरोबर इकडून तिकडे जाणारा तो आडवा धागा. कापडाच्या दोन्ही बाजूंची घट्ट विणलेली, न उसवणारी कड म्हणजे किनार, आणि उभा धागा नेहमी या किनारीला समांतर असतो. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड ओढले तर ते जवळजवळ ताणले जात नाही, आडव्या धाग्याच्या दिशेने किंचित ताणले जाते, आणि या दोहोंना ४५ अंशांत छेदणाऱ्या तिरप्या दिशेने, जिला उरेब म्हणतात, ते सर्वांत जास्त लांबते. चौकोनी तुकडा हातात देऊन तो या तिन्ही दिशांनी ओढून पाहायला सांगणे हा बहुतेक शिक्षिकांचा पहिला पाठ असतो, आणि पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचे मूळ या एका प्रयोगात सापडते. कपड्याची उंची उभ्या धाग्यावर का घ्यायची, गळ्याची पट्टी उरेबच का हवी, वाकडी बेतलेली विजार धुतल्यावर तिची शिवण पायाभोवती का फिरते, या सर्व प्रश्नांचे उत्तर तोच तुकडा देतो. कापडाचे टोक सरळ आहे की नाही हे डोळ्यांवर सोपवत नाहीत; एक आडवा धागा सुईने उचलून ओढून काढतात आणि तो निघून गेल्यावर कापडात जी बारीक रेघ पडते तिच्यावरून कात्री चालवतात.

साधनांची यादी लहान आहे. मापाची टेप, काटकोन तपासण्याचा गुण्या, शिंप्याचा खडू, टाचण्या, बोटाला सुई टोचू नये म्हणून घालायचे अंगुस्तान आणि कापडाची स्वतंत्र कात्री एवढ्यावर काम सुरू होते. कात्री कागदाला लावायची नाही, कारण कागदाने तिची धार लवकर जाते आणि बोथट कात्री कापड कापण्याऐवजी चावते. दुकानात कापड मीटरने मिळते, वर्गात मात्र मापे आजही बहुधा इंचांत घेतली जातात, त्यामुळे एक इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर हा हिशेब शिकणाऱ्याच्या जिभेवर लवकर येतो.

यंत्राआधी हाताचे टाके येतात. लांब लांब, नंतर काढून टाकायचा तो कच्चा दोरा; कापडाच्या खालून वर, वरून खाली सरळ पुढे जाणारा तो धावदोरा; प्रत्येक टाक्याला थोडे मागे येऊन पुन्हा पुढे जाणारी ती उलटी टीप; आणि दुमडलेली कड समोरून दिसणार नाही अशा बेताने पकडणारे ते हेमिंग. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ ही सर्वस्वी धावदोऱ्यावर उभी असते, त्यामुळे ज्यांच्या घरी गोधडी शिवली जाते त्या मुलींना हा टाका शिकवावा लागत नाही. साडीला फॉल लावणे हीही हेमिंगचीच परीक्षा आहे : सुमारे अडीच मीटरांच्या त्या पट्टीचा प्रत्येक टाका साडीच्या समोरच्या बाजूला जेमतेम एक-दोन धागे उचलतो, आणि टाका ओढून घेतला तर काठाला चुण्या पडतात.

सुई खाली जाते तेव्हा

शिवणयंत्राचे रहस्य त्याच्या सुईत आहे. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, तर यंत्राच्या सुईचे नेढे अणीजवळ असते. त्यामुळे पूर्ण सुई कापडातून आरपार जावी लागत नाही. अमेरिकेतील इलायस होवे यांनी १८४६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्यात अशी सुई आणि खालून जाणारा दुसरा दोरा एकत्र आले होते, आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी त्यात सुधारणा करून घेतलेल्या पेटंटानंतर हे यंत्र जगभरच्या घरांत पोहोचले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते, कारण माणसाचे कष्ट हलके करण्याच्या प्रेमातून ते जन्मले असे त्यांचे मत होते. भारतात १९३०च्या दशकात कोलकात्यात यंत्रे बनू लागली आणि उषा हे नाव पुढे घरोघरी पोहोचले.

टाका पडतो तो असा. वरचा दोरा घेऊन सुई कापडातून खाली जाते आणि वर येताना क्षणभर मागे हटते, तेव्हा दोऱ्याचा एक लहानसा फासा सुईच्या बाजूला सैल पडतो. शटलची चोच तो फासा पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते, त्यामुळे खालचा दोरा फाशातून आपोआप ओवला जातो. मग वरचा दांडा उचलला जाऊन दोरा खेचतो आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. सुई कापडाबाहेर असते तेवढ्या वेळात पायपट्टीखालचे दाते कापड एक टाकाभर पुढे सरकवतात. ही गाठ मधोमध बसली नाही, तर दोष कोणत्या दोऱ्याचा आहे हे कापड सांगते : उलट्या बाजूला सैल फासे दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी आहे, आणि समोरून खालचा दोरा ठिपक्यांसारखा वर आलेला दिसला तर वरचा ताण जास्त आहे. पुष्कळ नवशिक्या यंत्र बिघडले असे समजून कारागिराकडे धावतात, पण बहुतेक वेळा दोरा चुकीच्या वाटेने ओवलेला असतो किंवा सुई उलटी बसलेली असते. सुई हा झिजणारा भाग आहे आणि तो नियमाने बदलावा लागतो, ही गोष्ट घरगुती शिवणकामात सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. मलमलीसारख्या तलम कापडाला ११ क्रमांकाची, नेहमीच्या सुती कापडाला १४ किंवा १६ क्रमांकाची आणि जाड कापडाला १८ क्रमांकाची सुई हा अंदाज पुरेसा ठरतो.

रेघा आखलेला कागद येथे उपयोगी पडतो. पायाच्या यंत्रावर पट्टीची पुढे-मागे होणारी हालचाल चाकाच्या एका दिशेच्या फिरण्यात बदलते, आणि पाय चुकीच्या क्षणी दाबला गेला की चाक उलटे फिरून दोरा तुटतो. म्हणून सुईत दोरा न घालता कागदावरच्या सरळ, मग वळणाच्या, मग चौकोनी रेघांवरून सुई चालवायला लावतात. कागदावर पडलेल्या भोकांची रांग रेघेपासून किती ढळली हे शिकणारी स्वतःच पाहू शकते आणि कापड वाया जात नाही. कोपऱ्यावर पोहोचल्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून पायपट्टी उचलायची, कागद वळवायचा आणि पायपट्टी पुन्हा खाली सोडायची, ही कृती येथेच अंगवळणी पडते.

सरळ टिपेच्या वस्तू

रुमालाला फक्त चार कडा असतात, तरी दोनदा दुमडून टीप घालताना कोपऱ्यावर कापडाचे थर साचतात आणि कोपरा कापून दुमडण्याची युक्ती तेथे शिकावी लागते. रुमालापेक्षा पिशवी अधिक बोलकी आहे, कारण कापड किती घ्यायचे हा प्रश्न प्रथम तिच्यात उभा राहतो. १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच पिशवी हवी असेल, तर दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच धरून रुंदी १५ इंच होते. तळाला घडी ठेवून एकच लांब तुकडा घ्यायचा असल्याने उंची दुप्पट होऊन ३२ इंच येते आणि दोन्ही तोंडांच्या दुमडीसाठी दीड-दीड इंच मिळून लांबी ३५ इंच होते. शिवणीसाठी सोडलेल्या या जादा कापडाला माया म्हणतात. माया विसरून कापलेली वस्तू नेहमी मनातल्या मापापेक्षा लहान होते, आणि हा धडा कमी खर्चात शिकवण्यासाठी पिशवीइतकी योग्य वस्तू नाही.

कापडावर वर-खाली असलेली नक्षी असेल, तर तळाशी घडी ठेवल्यावर एका बाजूची नक्षी उलटी होते, म्हणून दोन वेगळे तुकडे कापून तळाला शिवण घ्यावी लागते. सामान नीट बसावे म्हणून पिशवीला तळ हवा असेल, तर उलट्या पिशवीचा खालचा कोपरा बाजूच्या शिवणीवर चपटा करून त्रिकोण तयार करतात आणि त्यावर आडवी टीप घालतात. ही टीप ४ इंच लांब असली की तळाची रुंदीही ४ इंच होते. पिशवीचे सर्व ओझे बंदांच्या टोकांवर येते, म्हणून ती टोके एका टिपेवर सोडत नाहीत, चौकोन शिवून त्याच्या आत फुली मारतात. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर कापडी पिशव्या शिवण्याचे काम बचत गटांकडे मोठ्या प्रमाणात आले, आणि जुन्या साड्या, चादरी व पडदे यांना त्यामुळे दुसरे आयुष्य मिळाले.

उशीच्या अभ्र्यात नवी गोष्ट एवढीच की त्याची आतली बाजूही नीटस असावी लागते, कारण तो वारंवार धुतला जातो आणि उघड्या कडांचे धागे सुटतात. यासाठी फ्रेंच शिवण शिकवतात : प्रथम कापडाच्या सुलट बाजूने अरुंद टीप घालायची, मग कापड उलटवून त्या कडा आत बंद होतील अशी दुसरी टीप घालायची. इंटरलॉकचे यंत्र प्रत्येक घरी नसते, म्हणून ही शिवण आजही उपयोगाची आहे.

कळ्यांचा परकर

साडीखालचा परकर शिकणाऱ्यांना साधा वाटतो आणि कापताना त्यांची पहिली खरी परीक्षा तोच घेतो. कंबरेला घेर कमी आणि पायाशी जास्त हवा, म्हणून तो वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्यांनी बनवतात. या पट्ट्यांना कळ्या म्हणतात. कापडावर एक कळी सुलटी आणि तिच्या शेजारची उलटी आखली की एकीचे रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाशी येते आणि सुमारे दोन-सव्वादोन मीटर कापडात परकर बसतो, फारसे कापड उरत नाही. कापड वाचवण्याची ही भूमिती पाहिल्याशिवाय शिंपी बेतण्याला इतका वेळ का लावतो हे समजत नाही.

कळीची एक बाजू सरळ, म्हणजे उभ्या धाग्यावर आणि दुसरी तिरकी असते. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या तर ती शिवण लोंबते आणि परकराचा खालचा घेर काही दिवसांत वर-खाली होतो. म्हणून एका कळीची तिरकी बाजू शेजारच्या कळीच्या सरळ बाजूला जोडतात, म्हणजे न ताणली जाणारी कड ताणल्या जाणाऱ्या कडेला सांभाळते. जोडताना तिरकी बाजू ओढायची नाही, ती आपोआप येईल तशी येऊ द्यायची, ही सूचना शिक्षिकेला वर्षानुवर्षे द्यावी लागते. कंबरेला दुमडून नाडीसाठी जी पोकळ पट्टी करतात तो नेफा, आणि नाडी ओवण्यासाठी त्याला सोडलेली फट आधीच आठवणीने ठेवावी लागते.

झबल्यात उरेब पुन्हा भेटते. त्याचा गळा गोल असतो, गोल कडेला सरळ पट्टी बसत नाही, आणि सुमारे सव्वा इंच रुंदीची उरेब पट्टी मात्र वळणाबरोबर वळते. गळ्याच्या आतल्या कडेला टिपेपर्यंत न पोहोचणारे बारीक काप दिले नाहीत तर वळण ताठ राहते. तान्ह्या बाळाला टोचेल असे काही नको, म्हणून बटणाऐवजी पाठीवर कापडी बंद लावतात आणि कापड मलमल किंवा तितकेच मऊ घेतात.

सपाट कापड आणि अंगाचा आकार

आतापर्यंतच्या सर्व वस्तू सपाट कापडाच्या सपाट घड्या होत्या. ब्लाउज बसायचा तो अंगावर, आणि अंग कोठेच सपाट नसते. हे अंतर टक्स भरून काढतात. टक्स म्हणजे कापडात घेतलेली निमुळती घडी : कंबरेपाशी ती रुंद असते आणि छातीच्या उंचवट्याकडे जाताना अरुंद होत बिंदूत संपते, त्यामुळे बिंदूभोवतीचे कापड फुगते आणि कंबरेचे आवळले जाते. हा बिंदू अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तरी ब्लाउज बसत नाही, आणि टिपेचे टोक एकदम तोडले तर तेथे टोचरा फुगवटा राहतो; म्हणून शेवटचे दोन-तीन टाके कापडाच्या अगदी कडेने घालून दोऱ्याला हाताने गाठ मारतात. कटोरी ब्लाउजात टक्सचे काम तुकड्यांच्या वक्र कडांकडे सोपवलेले असते, म्हणून तो अधिक नीट बसतो आणि शिवायला अधिक अवघड असतो.

माप घेताना छाती, कंबर, शोल्डर, उंची, बाहीची लांबी व घेर, पुढचा आणि मागचा गळा यांबरोबर मुंढाही मोजतात. मुंढा म्हणजे जेथे बाही जोडली जाते तो खांद्यापासून काखेपर्यंतचा घेर. आराखडा काढण्याच्या पद्धतीत छातीच्या मापाला मध्यवर्ती स्थान असते आणि कागदावर अंगाचा फक्त पाव भाग काढला जातो, कारण डावी-उजवी बाजू सारखी आणि पुढची-मागची वेगळी असते. के. आर. झारापकर यांच्या कटिंगच्या पुस्तकाने अशी प्रमाणबद्ध पद्धत मराठी मुलखात रुजवण्यात मोठा वाटा उचलला. वर्गांतल्या वह्यांत आजही प्रत्येक कपड्याचा लहान आराखडा ब्राउन पेपरवर कापून चिकटवलेला असतो, आणि अशी जपलेली वही पुढे कितीतरी वर्षे संदर्भग्रंथ म्हणून वापरली जाते.

बाही मुंढ्यात बसवणे हा या कपड्यातील सर्वांत कसोटीचा क्षण. बाहीच्या वरच्या वळणाची लांबी मुंढ्याच्या लांबीपेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते; ही वाढ चुणी न दिसता बोटांनी जिरवावी लागते, तेव्हा हात वर उचलला तरी ब्लाउज वर ओढला जात नाही. बहुतेकींचा पहिला ब्लाउज येथे उसवला जातो. उसवणे हा शिवण्याचा भाग आहे, ही गोष्ट चांगल्या शिक्षिका पहिल्या दिवसापासून सांगतात. बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया ठेवण्याची मराठी घरांतली रीतही येथे येते : बाई अंगाने भरली की आतली टीप उसवून ब्लाउज सैल करता येतो. तयार कपड्यांत ही माया जवळजवळ नसते, आणि त्यामुळेच ते दुरुस्त करता येत नाहीत.

वर्गाबाहेरचे माप

महाराष्ट्रात शिवणकाम हे स्त्रियांच्या शिक्षणाच्या इतिहासाशी जोडले गेलेले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात शिवणकाम, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली गेली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभारलेल्या सेवा सदनातही शिवणाला महत्त्वाचे स्थान होते. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना घराबाहेर न पडता मिळवता येईल असा हा रोजगार होता. तो दरवाजा होता, आणि त्याच कारणाने तो मर्यादाही ठरला : घरी होणाऱ्या कामाचा दर नगावर ठरतो, त्यात शिकलेल्या वर्षांचे मोल क्वचितच मोजले जाते.

सरकारी योजनांत ही वर्षे अधिकच अदृश्य होतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि पायाभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असते. ज्याला काम येते त्याच्यासाठी ही मदत मोलाची आहे. ज्याला येत नाही त्याला एवढ्या दिवसांत कळ्यांच्या परकरापर्यंत नेणेही कठीण आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिवणाचा अभ्यासक्रम वर्षभराचा असतो, तो उगाच नव्हे.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यातील सरकारी शाळांचे गणवेश केंद्रीय पद्धतीने कापड घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचा प्रयोग झाला. गणवेश उशिरा पोहोचले, मापाच्या तक्रारी आल्या आणि पुढे ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. या तक्रारींचा दोष बायकांच्या हातावर टाकणे अन्यायाचे होईल. शिवणवर्ग एका माणसाचे अंग मोजून त्याच्यासाठी कपडा बेतायला शिकवतो. हजारो मुलांसाठी ठराविक आकारांच्या श्रेणीत कापड थरांनी कापणे, बाह्यांचा गठ्ठा वेगळा आणि कॉलरचा वेगळा चालवणे ही निराळी विद्या आहे, आणि ती शालेय गणवेशांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरातील कारखान्यांत दीर्घ काळ मुरलेली आहे. एकीकडून दुसरीकडे जाण्यासाठी मधल्या पायऱ्या लागतात, आणि त्या पायऱ्यांची सोय कोणत्याही योजनेत यंत्राच्या किमतीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

घरून काम करणाऱ्या बाईची वाट या पायऱ्यांचाच पुरावा देते. फॉल लावणे, परकर, अभ्रे, साडी-कव्हर ही कामे तिला परकराच्या टप्प्यावर मिळू लागतात, कारण त्यांत कोणाचे अंग मोजावे लागत नाही. ब्लाउजची गिऱ्हाइके त्यानंतर येतात, आणि तीही सुरुवातीला मापाचा जुना ब्लाउज घेऊनच येतात. जुन्या ब्लाउजवरून नवा बेतताना त्यातील चुकाही नव्यात उतरतात, हे तिला काही महिन्यांत कळते. म्हणूनच शिक्षिका शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थिनीला स्वतःचा ब्लाउज शिवून थांबू देत नाहीत. शेजारणीचे, आईचे, उतरत्या खांद्यांच्या किंवा पाठीला बाक आलेल्या वयस्क बाईचे माप टेपने अंगावरून घ्यायला लावतात, आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखायला सांगतात.